विंचची पुली उडाली, ती बोल्टामुळे नाही : कुकटपल्लीच्या गॅरेजमध्ये शिकलेला धडा

सभासद, बोटमालक, तांडेल आणि इंजिनावर हात काळे करणारी आपली सगळी पोरं, आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. इंजिनाच्या तोंडाला जादा पुली लावलेली प्रत्येक बोट हा विषय वाचल्याशिवाय बंदरातून सुटू नये असं आम्हाला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरवर काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. जाळं पाण्यात, विंच चालू, रात्रीची वेळ. खालून मोठा आवाज आला आणि विंच थांबला. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला बसवलेली विंचची पुली सहाच्या सहा बोल्ट तोडून निघाली होती. ती आधी फळीवर आदळली, मग समुद्राच्या पाण्याच्या होजवर. होज फाटला, इंजिन बंद करावं लागलं, खाली पाणी भरायला लागलं. पोरांनी बादल्यांनी पाणी उपसलं. शेजारच्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं म्हणून सगळे घरी आले. जाळं मात्र कापून सोडावं लागलं. पुली जिथून उडाली त्याच्या समोर दोन मिनिटांपूर्वी एक खलाशी पोरगा बसलेला होता. तो चहा करायला वर गेला होता, एवढंच.

धक्क्यावर आल्यावर जे व्हायचं तेच झालं. सगळे म्हणाले बोल्ट डुप्लिकेट होते. मालक बोल्टाच्या दुकानदाराला भेटले, शब्दाला शब्द लागला आणि वीस वर्षांची ओळख तुटली. आम्हीही त्या वेळी मान डोलावली होती, हे कबूल करतो.

तुटलेले बोल्ट मालकांनी पिशवीत घालून सोसायटीच्या कपाटात ठेवले होते. पावसाळी बंदीत आम्ही तिघेजण एका योजनेच्या चौकशीसाठी हैदराबादला गेलो. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाचं मुख्य कार्यालय तिथेच आहे, ती माशाच्या आकाराची इमारत तुम्ही फोटोत पाहिली असेल. राहायची सोय कुकटपल्लीत झाली, कारण आपल्याच एका सभासदाचा मुलगा तिथे गाड्यांच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. जाताना ती बोल्टांची पिशवी आम्ही सोबत घेतली. कशाला घेतली ते तेव्हा आम्हालाही नीट सांगता आलं नसतं.

कुकटपल्ली म्हणजे आज मेट्रो, मॉल आणि उंच इमारती. पण बाजूला बालानगर आहे, तिथे गल्लीगल्लीत लेथ आणि मिलिंग मशीन. साचे आणि हत्यारं बनवायचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन, १९६८ पासून बालानगरलाच आहे. त्यामुळे या भागात लोखंडाची भाषा बोलणारी माणसं पुष्कळ. आणि मराठीही कानावर पडते, कारण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. तेव्हापासूनची मराठी घरं इथे आहेत.

तर हा आपला मुलगा ज्या गॅरेजमध्ये आहे तिथे हौशी लोकांच्या गाड्यांना सुपरचार्जर बसवतात. सुपरचार्जर म्हणजे काय ते आधी दोन ओळीत सांगतो. टर्बो आपल्याला माहीत आहे, तो धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. सुपरचार्जर तेच काम करतो, पण तो धुरावर नाही, इंजिनाच्या क्रँकवर बसवलेल्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. म्हणजे क्रँकच्या तोंडाला आधीची पुली आहे, तिच्यावर अजून एक पुली बोल्टने चढवायची आणि तिच्यावरून जोराचा पट्टा घ्यायचा. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपण विंचसाठी नेमकं हेच करतो. इंजिन वेगळं, काम वेगळं, पण सहा बोल्टांवरचा भार तोच.

गॅरेजच्या उस्तादांनी पिशवी टेबलावर उलटी केली. सहा डोकी, सहा शेपट्या. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. भिंग लावून एकेक तुकडा पाहिला आणि तेलुगूत म्हणाले, ‘‘बोल्ट तप्पु लेदु.’’ मुलाने आम्हाला सांगितलं, बोल्टाची चूक नाही म्हणतात.

आम्ही विचारलं, कशावरून?

त्यांनी तुटलेला चेहरा आमच्यापुढे धरला. पाच बोल्टांवर तुटलेल्या जागेचा बराचसा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर बारीक वळणदार रेषा होत्या. ओहोटीला वाळूवर पाणी मागे सरकताना जशा रेषा राहतात, अगदी तशा. इंग्रजीतसुद्धा त्यांना किनाऱ्यावरच्या खुणाच म्हणतात हे ऐकून आम्हाला गंमत वाटली. या रेषांचा अर्थ असा की बोल्ट एका झटक्यात तुटलेला नाही. एका कडेला केसासारखी चीर पडली, ती रोज थोडी थोडी आत गेली, शेवटी उरलेलं लोखंड पुरेना आणि मग तुटला. याला थकवा म्हणतात. सहाव्या बोल्टाचा चेहरा मात्र खडबडीत, करडा आणि कडेला ओढल्यासारखा. तो एकटा राहिल्यावर झटक्यात गेला. म्हणजे त्या रात्री आपण ज्याला अपघात म्हणालो त्याची सुरुवात कित्येक फेऱ्या आधीच झालेली होती.

कमअस्सल बोल्ट आवळतानाच लांबतो, त्याचे आटे ओढले जातात, मान बारीक होते. इथे तसं काहीच नव्हतं. डोक्यावर ८.८ चा शिक्का होता आणि उस्तादांच्या मते माल शिक्क्याप्रमाणेच होता.

आता या शिक्क्याबद्दल, कारण हे आपण रोज पाहतो आणि वाचत नाही. पहिला आकडा ताकदीचा : ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनला तुटतो. दुसरा आकडा सांगतो की त्यातल्या किती भागापर्यंत ताणला तर परत मूळ लांबीवर येतो. ०.८ म्हणजे ८०० पैकी ६४०. तसाच १०.९ म्हणजे १००० आणि ९००, आणि १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०.

मग चांगला बोल्ट थकला कशाने? इथे आमची जुनी समजूत मोडली. आम्हाला वाटायचं की पुली फिरताना तिचा जोर बोल्टाच्या दांड्यावर आडवा येतो आणि बोल्ट तो अडवतो, खुंटीसारखा. तसं नाही. बोल्टाचं काम फक्त आवळून धरायचं. पुलीचा चेहरा आणि मागच्या पुलीचा चेहरा एकमेकांवर इतके दाबून धरायचे की घर्षणानेच ते सरकणार नाहीत. जोर वाहून नेतं ते घर्षण. बोल्ट नुसता ताणलेल्या दोरासारखा मध्ये बसलेला असतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर डेकवर पेट्या कशा बांधतो? दोर ताठ आवळला की बोट कितीही डोलली तरी पेटी हलत नाही आणि दोरही वर्षानुवर्षं टिकतो. त्याच दोराला थोडा झोल राहू द्या. प्रत्येक लाटेला पेटी सरकते, दोराला झटका बसतो, पुन्हा सैल, पुन्हा झटका. आठ दिवसांत दोर झिजून तुटतो. दोर तोच, फरक फक्त झोलाचा. बोल्टाचं तंतोतंत असंच आहे.

आणि झटके किती बसतात? इंजिन मिनिटाला १५०० फेरे करत असेल तर तासाला ९० हजार. पट्टा पुलीला एका बाजूला ओढत असतो, त्यामुळे सैल बोल्ट प्रत्येक फेऱ्याला एकदा वाकतो आणि सुटतो. दहा तासांत ९ लाख वेळा. लोखंडाची तार हाताने पंधरा-वीस वेळा वाकवून तोडतो ना आपण, त्यातलाच प्रकार, फक्त वाकणं डोळ्याला न दिसण्याइतकं बारीक.

उस्तादांनी कागदावर हिशोब करून दाखवला. आम्ही बारावीपर्यंत शिकलेले, सूत्र पाहिलं की पोटात गोळा येतो, पण हा हिशोब कळला म्हणून तुमच्यापुढे ठेवतो. आपल्या पुलीला १० एमएमचे सहा बोल्ट, ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर. ८.८ चा १० एमएम बोल्ट नीट आवळला तर सुमारे २५०० किलोने दाबतो. सहा मिळून १५ हजार किलो, म्हणजे १५ टन. कोऱ्या लोखंडावर लोखंड सरकवायला दाबाच्या साधारण ०.१५ पट जोर लागतो, म्हणजे २२५० किलो. हा जोर मध्यापासून ५ सेंटिमीटरवर, म्हणून पकड झाली साधारण ११२ किलो-मीटर. विंचला १५०० फेऱ्यांवर ३० अश्वशक्ती लागते असं धरलं तर पिळाचा जोर येतो सुमारे १४ किलो-मीटर. जाळं खडकात अडकून झटका बसला तर त्याच्या तिप्पट धरा. तरी ११२ च्या खूप आत. म्हणजे सहा बोल्ट नीट आवळले असते तर ही पुली वर्षानुवर्षं हलायचं कारण नव्हतं.

मग आवळले गेले नव्हते का? मेकॅनिकने पाना लावून जोर काढून आवळले होते, मालकांसमोर. मालक खोटं बोलत नाहीत आणि मेकॅनिकही नाही. इथेच खरी गोम होती, आणि ती मुलाने शोधली, उस्तादांनी नाही.

त्याने शेपट्यांची टोकं पाहिली. सहापैकी चार टोकं चपटी होऊन चकाकत होती. त्याने लगेच विचारलं, ‘‘काका, पुली कधी बदलली होती का?’’ मालकांना फोन लावला. हो, आदल्या वर्षी बदलली होती. जुनी पुली बोल्टाच्या जागी १४ मिलिमीटर जाड, नवीन १० मिलिमीटर. बोल्ट नवे आणले, पण मापाला जुनाच बोल्ट नेला होता. १० एमएम, ५० लांब.

आता हिशोब बघा. पुलीच्या मागे जागा काढायला १२ मिलिमीटरची प्लेट. पुली १०. स्प्रिंग वायसर पूर्ण दबल्यावर २.२. मिळून २४.२. ५० मधून वजा केले तर २५.८ मिलिमीटर बोल्ट भोकात जायला हवा. भोकं आरपार नाहीत, बंद आहेत, आणि चार भोकांत आटे २५ मिलिमीटरच होते. म्हणजे बोल्ट ०.८ मिलिमीटर आधीच तळाला टेकला. पाना घट्ट झाला, हाताला वाटलं आवळला, पण सगळा जोर भोकाच्या तळावर गेला, पुलीवर नाही. जुनी १४ ची पुली होती तेव्हा बोल्ट २१.८ आत जायचा, म्हणून कधी त्रास झाला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग डोक्याखाली फट दिसली असती की. दिसली नाही, कारण स्प्रिंग वायसर. तो अर्धामुर्धा दबून फट भरून बसला. बाहेरून सगळं व्यवस्थित. प्रत्यक्षात त्या चार बोल्टांची पकड २५०० किलो नव्हती, फक्त वायसरच्या स्प्रिंगची होती. उरलेल्या दोन भोकांत आटे थोडे खोल होते, तेवढे दोनच बोल्ट खरे काम करत होते.

त्या दोघांनीही किती केलं असतं? प्लेटला दोन्ही बाजूंनी ऑइल पेंट. गंजू नये म्हणून, आपण सगळेच लावतो. पण बोल्ट आवळला की तो ताणला जातो आणि त्या ताणातूनच पकड येते. २४ मिलिमीटर जाडीचा जोड असेल तर १० एमएमचा बोल्ट ताणतो किती, तर फक्त ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. वहीच्या पानाच्या निम्म्या जाडीएवढा! आता पेंट दाबाने आणि इंजिनाच्या गरमीने हळूहळू दबतो. तो ०.०२ मिलिमीटर जरी दबला तरी ताणाचा ४० टक्के गेला, म्हणजे पकडही ४० टक्के गेली. बोल्ट एक आटाही फिरलेला नसतो आणि सैल झालेला असतो. शिवाय पेंट मऊ असल्याने पुली सरकायला सोपं.

हे ऐकून आम्ही तिघेही गप्प बसलो. ०.८ मिलिमीटर आणि पेंटचा एक हात. त्यावरून वीस वर्षांची ओळख गेली होती आणि एक पोरगा जाता जाता वाचला होता.

त्या दिवशी गॅरेजमध्ये एका जुन्या गाडीचं सुपरचार्जरचं काम चालू होतं. ते बसवताना मुलगा काय काय करतो ते आम्ही बसून पाहिलं. आपल्या बोटीवर लागू पडेल तेवढं सांगतो.

सगळ्यात आधी भोकाची खोली. त्याने बारीक सळई घालून प्रत्येक भोक वेगळं मोजलं. मग तीच सळई प्लेट आणि पुली ठेवून पुन्हा. भोकाच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, आणि तरी बोल्टाला आट्यांत पकड पुरेशी पाहिजे : पोलादात बोल्टाच्या जाडीएवढी, बिडात दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट. १० एमएमच्या बोल्टाला बिडात १५ मिलिमीटर. आपल्या त्या बोटीवर ४५ चा बोल्ट लावला असता तर काम झालं असतं. पाच मिलिमीटरने लहान बोल्ट, आणि तो स्वस्तही पडला असता.

बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असलं तरी हाच घोटाळा होतो. बोल्ट तेलावर दाबून बसतो आणि हाताला फसवतो. म्हणून भोक हवा मारून कोरडं करायचं.

मग चेहरे. पेंट, गंज, जुना गॅस्केटचा गोंद, सगळं खरवडून लोखंड उघडं केलं आणि थिनरने पुसलं. दोन चेहऱ्यांमध्ये कागद, पॅकिंग, सिलिकॉन काही नाही. गंजाची भीती वाटते तर पेंट सगळं आवळून झाल्यावर बाहेरून मारा, हवा तेवढा.

तिसरी गोष्ट आपण जवळजवळ कोणीच करत नाही. पुलीच्या मधोमध एक गोल खांदा असतो, तो समोरच्या खाचेत घट्ट बसतो आणि पुली बरोबर मध्यावर येते. आपण मध्ये प्लेट घालतो तेव्हा बहुधा साधी चपटी प्लेट कापून भोकं पाडतो. खांदा गायब. मग पुली मध्यावर धरायचं काम बोल्टांवर येतं. १० एमएमच्या बोल्टाला भोक ११ चं असतं, म्हणजे पुली अर्धा मिलिमीटर बाजूला बसू शकते आणि प्रत्येक फेऱ्याला डगडगते. लेथवाल्याला सांगा की प्लेटला एका बाजूला खांदा आणि दुसऱ्या बाजूला खाच काढून दे. थोडे पैसे जास्त घेईल, द्या. आणि प्लेट जितकी पातळ चालेल तितकी पातळ ठेवा, कारण पुली जितकी बाहेर जाईल तितकं पट्ट्याचं ओढणं बोल्टांना जास्त वाकवतं.

स्प्रिंग वायसरबद्दल मुलाने तोंड वाकडं केलं. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की जोड आडवा सरकायला लागला की बोल्ट आपोआप उलटा फिरून सुटतो. स्प्रिंग वायसर अशा वेळी काही अडवत नाही. पूर्ण आवळल्यावर तो नुसता चपटा वायसर होतो. त्याऐवजी जाड, कडक, साधा वायसर आणि आट्यांना निळा थ्रेडलॉकर, असं तो करतो. थ्रेडलॉकरही कोरड्या, तेल नसलेल्या आट्यांवरच धरतो. पण हे सगळं दुय्यम. आवळणं नीट असेल तर सरकणंच होत नाही, आणि सरकणं नसेल तर सुटणंही नाही.

आता आवळायचं किती? गॅरेजमध्ये टॉर्क रेंच होता. बोटीवर नसतो, आणि आमचे तांडेल म्हणतात हाताला कळतं. हाताला कळत नाही हे आता सिद्ध झालेलं आहे. पण आपल्या सगळ्यांकडे एक हत्यार असतं : मासळी तोलायचा लटकता स्प्रिंग काटा. पान्याच्या दांड्यावर बोल्टाच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खूण करा. तिथे काट्याचा हूक अडकवा आणि काटा पान्याशी काटकोनात धरून ओढा. काट्यावर २० किलो दिसले की झाला ५ किलो-मीटरचा टॉर्क, म्हणजे सुमारे ४९ न्यूटन-मीटर. कोरड्या आट्यांच्या ८.८ च्या १० एमएम बोल्टाला साधारण एवढंच लागतं. ८ एमएमला सुमारे अडीच किलो-मीटर, १२ एमएमला साडेआठ ते नऊ. आटे तेलकट असतील तर हे आकडे एक चतुर्थांशाने कमी करा, नाहीतर तेवढ्याच ओढीला बोल्ट जास्त ताणला जातो. आणि इंजिनाच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर पुस्तकाचा आकडा खरा, आमचा नाही.

एकदम पूर्ण आवळायचं नाही. आधी सगळे हाताने, मग समोरासमोरचे बोल्ट घेत तीन टप्प्यांत. पान्याला पाइप लावून लटकायचं नाही, हवेच्या गनने शेवट करायचा नाही. शेवटी बोल्टाच्या डोक्यावरून पुलीवर पांढऱ्या पेंटची सरळ रेघ ओढायची. पहिली फेरी करून आलात की टॉर्च मारा, रेघ मोडली असेल तर बोल्ट फिरला. न मोडली तरी पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड असताना एकदा काटा लावून तपासा. थ्रेडलॉकर लावला असेल तर त्याच बोल्टाला पुन्हा पुन्हा हलवू नका, फक्त तेवढ्या ओढीला तो फिरतो का ते पाहा. फिरला तर काढून, साफ करून, पुन्हा लावा.

अजून एक खूण मुलाने दाखवली. वायसरच्या कडेने किंवा जोडाच्या फटीतून लालसर तपकिरी पूड निघत असेल तर आपण म्हणतो खारं वारं, गंज चढला. पण इतर सगळं कोरडं-चांगलं असताना फक्त बोल्टाभोवतीच अशी पूड असेल, तर तो जोड आतून घासतोय. तेलात मिसळली तर काजळासारखी काळी दिसते. मालकांना फोनवर विचारलं. म्हणाले, हो, होती, दोन महिने होती. रोज कपड्याने पुसत होते.

स्टीलच्या बोल्टांचा प्रश्न आम्ही मुद्दाम काढला. आपल्याकडे बरेच जण गंजत नाही म्हणून पुलीलाही स्टेनलेस लावतात. ए२-७० लिहिलेला साधा स्टेनलेस बोल्ट ४५० ला कायमचा लांबायला लागतो, ८.८ वाला ६४० ला. म्हणजे तेवढं आवळताच येत नाही. वर त्याचे आटे आवळताना एकमेकांत चिकटून जाम होतात. रेलिंगला लावा, डेकवर लावा, फिरत्या पुलीला नको. दुसऱ्या टोकाला काही जण म्हणतात सगळ्यात भारी १२.९ चा लावू. तोही नको. इतकं कडक पोलाद खाऱ्या दमट हवेत ठिसूळ होऊन, काही ताण वाढला नसताना, उभ्या उभ्या तुटू शकतं. त्यावर जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर ही भीती जास्तच. आपल्याला ८.८, आणि इंजिनवाल्याने सांगितला असेल तिथे १०.९, एवढं पुरे.

आणि एक बोल्ट तुटला तर सहाही बदला. एक तुटला याचा अर्थ बाकीचे पाच जास्तीचा भार घेऊन थकलेले आहेत. ते वरून नवे दिसतात. आपल्या पिशवीतले पाचही असेच, डोकी अगदी कोरी.

पट्ट्याचंही थोडं. घसरतो म्हणून पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणला की तो सगळा ताण पुलीच्या बोल्टांवर आणि क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर येतो. दोन पुल्या एका ओळीत आहेत का ते दोरी लावून पाहा, घसरण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आणि पुलीभोवती लोखंडी जाळी हवीच हवी. कुकटपल्लीच्या त्या गॅरेजमध्ये चाचणी घेताना पुलीच्या रेषेत कोणाला उभं राहू देत नाहीत, ओरडतात. आपल्याकडे त्याच रेषेत पोरं अंथरूण टाकून झोपतात.

रात्री मुलाच्या घरी जेवायला मरळ होती. तेलंगणाचा राज्यमासा म्हणे. खाऱ्या पाण्याच्या माणसाला गोड्या पाण्याची मासळी चटकन आवडत नाही, पण रस्सा चांगला होता. जेवताना त्याने सांगितलं की सुपरचार्जरच्या गाड्या तुटून येतात त्यात वाईट बोल्ट त्याने क्वचितच पाहिला आहे. चुकीची लांबी, घाण चेहरे आणि घाईच जास्त.

परत आल्यावर आम्ही मालकांना घेऊन त्या दुकानात गेलो. मालक काउंटरवर काही बोलले नाहीत, फक्त ती पिशवी ठेवली आणि चार चपटी टोकं दाखवली. दुकानदारांनी चष्मा लावून पाहिली. मग पोऱ्याला तीन चहा आणायला पाठवलं, आणि आपण होऊन १० एमएम, ४५ लांब, ८.८ चे सहा बोल्ट मोजून दिले.

बंदी उठायच्या आधी ज्यांच्या इंजिनाला विंचची, पंपाची किंवा बर्फाच्या मशीनची जादा पुली आहे त्यांनी सोसायटीच्या कार्यालयात नाव नोंदवावं. भोकाची खोली मोजायची सळई, एक टॉर्क रेंच आणि २५ सेंटिमीटरवर खूण केलेले दोन पाने कार्यालयात आणून ठेवले आहेत. वहीत सही करून न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे. ते सहा तुटलेले बोल्टही टेबलावरच्या बरणीत ठेवले आहेत. येऊन हातात घेऊन बघा, ओहोटीच्या रेषा उजेडाकडे तिरका धरल्यावर चांगल्या दिसतात.